रुपयासाठी रोजे

आमच्या गल्लीत रुपया पडला की शेवया शिजायच्या. टीव्हीवर टाय लावलेली माणसं आता देशाचं कसं होणार म्हणून चेहरे पाडून बसलेली असायची, आणि इकडे कोणाच्या तरी घरून झाकलेली वाटी यायची. गल्लीतल्या पाच-सहा घरांतले बापे सौदी, कुवेत, ओमानला होते. रुपया जितका खाली, तितका तिकडचा पगार इकडे जास्त, एवढं अर्थशास्त्र आम्हाला शाळेत जायच्या आधीच येत होतं. रियाल डॉलरच्या शेपटीला बांधलेला आहे हे फार पुढे कळलं. आधी कळलं ते इतकंच, की डॉलर चढला की रियाल चढतो आणि मग गल्लीत कोणाच्या तरी घरावर स्लॅब पडतो.

वाटी आमच्याकडेही यायची. अम्मी ती घ्यायची, रिकामी वाटी परत पाठवू नये म्हणून धुऊन तिच्यात चिमूटभर साखर घालायची, पण शेवया स्वतः खायची नाही. मला खूप दिवस वाटत होतं की तिला गोड आवडत नाही.

अब्बा आमच्या वडशाच्या राईस मिलांमध्ये फिटर होते. इंजिन बंद पडलं, पट्टा तुटला, की त्यांना बोलावणं यायचं. धानाचा हंगाम संपला की बोलावणंही संपायचं. मी पहिलीत असताना कोणीतरी त्यांना सौदीतल्या दम्मामची वाट दाखवली. तिथे जनरेटरवर माणूस पाहिजे होता. तेव्हा रियाल आठ रुपयांच्या जवळपास होता. हा आकडा मला आठवतो, कारण अब्बांनी जाताना स्टेशनवर मला पाढा म्हणायला लावला होता. आठचा पाढा म्हण, म्हणाले, आता हाच आपल्या कामाचा. गाडी बल्लारशाकडे निघून गेली. पुढे रियाल साडेनऊ झाला, अकरा झाला, तेरा झाला, आणि मी शाळेच्या पाढ्यांच्या पुढे निघून गेले.

ते दोन-अडीच वर्षांनी यायचे. पहिला आठवडा ईद. अम्मी काचेच्या कपाटातल्या प्लेटा बाहेर काढायची. एरवी त्या प्लेटांना हात लावलेला तिला खपत नसे. अब्बा खजूर वाटायचे, अत्तर लावायचे, गल्लीत हाक मारील त्याच्या ओट्यावर बसायचे. दुसऱ्या आठवड्यात घरातलं जे जे मोडलंय ते दुरुस्त करायचे. तिसऱ्या आठवड्यात मोडलेलं काही उरायचं नाही आणि मग त्यांचं काय करावं हे आम्हालाही कळायचं नाही आणि त्यांनाही. अंगणात उभे राहून रस्त्याकडे पाहत राहायचे. प्लेटा मात्र शेवटच्या दिवसापर्यंत बाहेरच असायच्या. घरच्या माणसाला कोणी कपाटातल्या प्लेटांत जेवायला वाढतं का? पण हे अम्मीला सांगणार कोण.

मी दहावीला होते तेव्हाच्या सुट्टीत अम्मीने त्यांना विचारलं, की आता कायमचं कधी येता. मी शेजारी बसून गणितं सोडवत होते. आमच्या घरची बोली म्हणजे अर्धी हिंदी, अर्धी झाडीबोली. कधी काय तोंडात येईल त्याचा नेम नाही. अब्बा म्हणाले, "रुपया जरा सुधरू दे. आता रियाल तेराले हाये, आता कोन येते सोडून? दहा-अकरावर उतरला का मंग तिथी राहून फायदा नाई. मंग येतोच मी."

ते सहज म्हणाले असतील. अम्मीने ते करारासारखं उचललं.

अब्बा गेल्यावर तिने सोमवार आणि गुरुवारचे रोजे सुरू केले. गल्लीतल्या बायांना वाटलं, पोरीच्या दहावीसाठी असतील. मलाही तसंच वाटलं आणि मी लाजून थोडा जास्त अभ्यास केला. खरं कारण एका दुपारी कळलं. मी पेपर वाचत होते, तर ती म्हणाली की त्यात डॉलरचं काही आलं असेल तर सांग. मी सांगितलं. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि तिचं तोंड उतरलं. मग हळू आवाजात म्हणाली, रुपया सुधरावा म्हणून रोजे धरून राह्यली मी, कोणाले सांगजो नको.

मी हसले होते, खोटं कशाला बोलू. पंतप्रधानांपासून बँकवाल्यांपर्यंत सगळ्या देशाला रुपयाची काळजी, पण त्याच्यासाठी उपाशी राहणारी बाई एकटी वडशातच असावी. आणि ते तिला गल्लीत सांगायची सोय नव्हती. शेजारणीच्या घराचा वरचा मजला अर्धा राहिलेला. कुवेतवाल्याच्या लेकीचं लग्न तोंडावर. सगळी गल्ली रुपया पडायची वाट बघणार आणि ही बाई तो उभा राहावा म्हणून दुआ मागणार. कळलं असतं तर लोकांनी पाण्यालाही विचारलं नसतं.

एकीला मात्र तिने सांगितलं. कुरखेड्याच्या पलीकडच्या जंगलातल्या गावाहून एक म्हातारी बाई आमच्या दारात यायची. गोंड होती. उन्हाळ्यात चारोळी, पावसाळ्यात वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, कधी मध. अम्मी तिला ओसरीत बसवून चहा द्यायची आणि तिच्याशी जे बोलायची ते गल्लीत कोणाशी बोलायची नाही. ती बाई दूरची, तिच्या तोंडून गोष्ट फिरून परत यायची भीती नाही. रुपया पडतो म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावं लागेल असं मला वाटलं होतं. पण त्या बाईला लगेच समजलं. म्हणाली, आमची बुढी मिठाच्या बरोबरीनं चारोळी देत होती तुमच्या वडशाच्या बाजारात, पायलीला पायली. आमच्या चारोळीचा भाव पडलेला म्हणून मीठ महाग, आता तुझ्या माणसाचं तसंच होऊन राह्यलं दिसते. मग तिने चहा फुंकत विचारलं, "तू देवाले रुपया मांगून राह्यली का नवरा?"

अम्मी म्हणाली, रुपया सुधरला का नवरा येतेच. बाईने चहा संपवला. जाताना म्हणाली, मी माझ्या देवाले तुझ्या नवऱ्याचंच सांगतो, रुपयाचं मले सांगता नाई येत. कोंबडीचा नवस बोलते की काय या शंकेने अम्मी घाबरली. तू तुझ्या देवाले काय सांगतेस ते मी ऐकलं नाई, असं म्हणून तिने कान झाकले, आणि दुसऱ्या खेपेला बाईला नवी साडी दिली.

नवरा मागायला तिला लाज वाटत होती, हे मला आता कळतं. लग्न झालेल्या, पोर दहावीला असलेल्या बाईने अल्लाकडे हात पसरून नवरा घरी पाठव म्हणायचं, हे तिच्याच्याने होत नव्हतं. रुपया मागणं सोपं होतं. रुपया सगळ्यांचा असतो.

आणि रुपया सुधारला. तिची दुआ कबूल व्हायला काही वर्षं लागली, पण झाली. मी डी.एड. संपवून घरी होते. रियाल बारावर आला, मग साडेअकरा, आणि एका हिवाळ्यात चक्क साडेदहा. गल्लीत सुतक. शेजारणीच्या वरच्या मजल्याच्या सळया तशाच आभाळाकडे तोंड करून उभ्या. आमच्याच घरी तेवढा चुना आला. अम्मीने भिंती पांढऱ्या करून घेतल्या, खाटेची नवार बदलली, अब्बांच्या लुंग्या धुऊन घड्या घातल्या. तिच्या चालण्यात काहीतरी नवीन होतं, मुलीसारखं. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचे ऑटो भोंगे लावून फिरत होते, तर ती दारात उभी राहून जाहिरात ऐकायची आणि म्हणायची, अवंदा तुझ्या अब्बांसंग जाऊ.

फोन तिनेच लावला. एरवी अब्बांचा यायचा. सलाम, मग रेट, मग तब्येत, असा क्रम ठरलेला. त्या दिवशी तिने स्वतः लावला आणि आवाज मोठा ठेवला, मी पण ऐकावं म्हणून. रियाल साडेदहाले आला, आता या, असं म्हणाली. साडेदहा म्हणताना तिची जीभ अडखळली.

पलीकडून अब्बा त्रासल्यासारखे बोलले. "आता कसा येऊ? इतक्या वर्षांचं जमवलेलं ह्या भावानं आनलं तं अर्धं पाण्यात. जरा चढू दे. चढला का येतो."

अम्मी हो म्हणाली. तब्येतीचं विचारलं, जेवणाचं विचारलं. फोन ठेवून ती नवार बदललेल्या खाटेवर बसली. मग विचारलं, "चढला तं फायदा हाये म्हणून येत नाई, उतरला तं नुकसान हाये म्हणून येत नाई. मंग कोणत्या भावाले येतेत माणसं घरी?"

मला त्या दिवशी बापाचा जो राग आला, तो पुरता अजून गेलेला नाही. नाचता येईना आणि अंगण वाकडं. रियाल हे त्यांचं अंगण होतं. अम्मीचे रोजे त्यानंतर बंद झाले. कुरखेड्याची बाई पुढच्या उन्हाळ्यात आली तेव्हा अम्मीने तिच्याकडून चारोळी घेतली, चहा दिला, आणि नवऱ्याची गोष्ट काढली नाही. बाईनेही विचारलं नाही. पुढे तिच्या जागी तिची सून येऊ लागली.

मी एकदा अब्बांना समोरासमोर विचारलं होतं. ते सुट्टी संपवून परत निघाले होते, मी स्टेशनवर सोडायला गेले होते. गाडीला उशीर होता. मी म्हटलं, खरं सांगा, तुम्हाला यायचंय का नाही. ते रागावले नाहीत. रुळांकडे बघत म्हणाले, "तिथी मशीन बंद पडली का पूरा कॅम्प अंधारात बसते अन् माह्या नावानं हाका मारते. इथी माही कोणाले गरज हाये?" मी म्हणायला पाहिजे होतं, अम्मीला. पण ते इतकं उघड होतं की माझ्या तोंडून निघालं नाही. त्यांना ते दिसत नसेल तर सांगून काय होणार होतं?

माझा निकाह ठरला त्या साली रुपया असा काही आपटला की बघायची सोय नाही. रियाल अठरा. अब्बांना त्या महिन्यात सुट्टी मिळत होती. त्यांनी घेतली नाही, ओव्हरटाइम घेतला. माझ्या बाजूने मामू बसले आणि अब्बांनी मोबाइलवरून ऐकलं. त्या भावामुळे माझं कपाट दोन दारांचं येणार होतं ते तीन दारांचं आलं, आणि सगळ्या बायांनी त्या दारांना हात लावून बघितला. घुग्घुसला माझ्या घरात ते अजून आहे. कोळशाची धूळ त्याच्या फटींत बसते, रोज पुसावं लागतं. तिसऱ्या दारामागे मी काहीच ठेवत नाही. हा माझा हट्ट आहे आणि तो मूर्खपणाचा आहे, हे नवऱ्याने मला अनेकदा सांगितलंय.

शेवटी अब्बा आले ते भाव बघून नाही. वय झालं, तिकडचे नियम बदलले, कंपनीने कागद नवे केले नाहीत. करोनाच्या आदल्या वर्षी ते दोन मोठ्या बॅगा घेऊन वडशाला उतरले. रियाल तेव्हा एकोणीसच्या आसपास होता. त्यांनी होतं नव्हतं ते सगळं त्या भावाने रुपयांत करून घेतलं. अम्मीने काचेच्या कपाटातल्या प्लेटा काढल्या आणि आठवडाभराने पुन्हा आत ठेवल्या. रोजच्या स्टीलच्या ताटात जेवायला वाढलं. मी माहेरी आले तेव्हा तिने मला ते मुद्दाम दाखवलं. मला वाटलं, संपलं एकदाचं. आता ही दोघं म्हातारी एकमेकांवर कुरकुरत बसतील आणि आपण ईदला जाऊन येऊ.

पण माणूस आला आणि हिशेब तिकडेच राहिला. मेथीची जुडी घेतली तर अर्धा रियाल. नागपूरचं तिकीट काढलं तर इतके रियाल. पहाटे फजरची नमाज झाली की अब्बा मोबाइल घेऊन ओसरीत बसायचे आणि भाव बघायचे. आता पाठवायला काही नव्हतं, आणायलाही काही नव्हतं, तरी बघायचे. आणि भाव चढतच गेला. वीस झाला. एकवीस झाला. गल्लीत मयत झाल्याची खबर सांगावी तशा आवाजात ते सांगायचे, "आज बीसच्या वर गेला."  मग म्हणायचे, घाई केली. थोडं थांबलो असतो, कुठी दुसऱ्या कंपनीत घुसलो असतो, तं आज काय झालं असतं. पाहुणे आले की हेच. जुना मित्र भेटला की हेच. उन्नीसले आलो, म्हणायचे, अन् आता पाहा.

अम्मी हे सगळं चुलीशी बसून ऐकायची. घाई केली. ज्या गोष्टीसाठी तिने जवानी घातली, तिला हा माणूस घाई म्हणत होता. मी एकदा अब्बांवर ओरडले, की तुम्ही घरी आलात त्याचं तुम्हाला नुकसानच दिसतं का. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं मी भलत्याच विषयावर बोलले. भावाचं बोलतोय मी, म्हणाले. त्या दुपारी लाखोरीच्या शेंगा सोलता सोलता अम्मी मला म्हणाली, "त्यायले वाटते मी महाग पडली." एवढंच म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली. मला रडू आलं. तिला आलं नाही.

बावीस झाला तेव्हा अब्बांची नजर गेली. एकदम नाही; साखर बऱ्याच वर्षांपासून होती, तिकडे कधी नीट बघितली नाही. डोळ्यामागचा पडदा खराब झाला, नागपूरच्या डॉक्टरांनी लेसर केलं, अजून वाईट होऊ नये म्हणून. माणूस दारात उभा आहे हे कळतं, कोण ते आवाजावरून. दुरुस्त करणाऱ्या हातांना आता स्क्रूची खाच सापडेना. त्यांचं घराबाहेर पडणं बंद झालं. लोकांनी हात धरून चालवलेलं त्यांना नको होतं. मोबाइलवरचे आकडेही दिसेनात. मग भाव सांगायचं काम अम्मीवर आलं.

अम्मी उर्दू वाचते, आकडे वाचते. मी तिला मोबाइलवर कुठे बोट लावायचं ते दाखवून दिलं. फजरनंतर अब्बा विचारायचे, "आज?" आणि ती वाचून दाखवायची. मला फोनवर म्हणाली होती, चांगलं झालं, तेवढ्यानं तं मले बोलावतेत. मी घुग्घुसला माझ्या शाळेच्या, पोरांच्या, नवऱ्याच्या खाणीतल्या शिफ्टच्या गडबडीत होते. त्या भावाचा विचारही माझ्या मनात नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत वडशाला गेले तेव्हा कळलं. सकाळी मी आतल्या खोलीत होते. ओसरीतून अब्बांचा आवाज आला, आज? आणि अम्मीने वाचलं, उन्नीस पॉइंट चाळीस. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. सुट्टी लागली त्याच दिवशी शाळेत कोणीतरी बोललं होतं, रुपया पुन्हा घसरला म्हणून. मी माझ्या मोबाइलवर बघितलं. तेवीसच्या पुढे होता. ओसरीत जाऊन अम्मीच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, तर त्यावरही तेवीसच होतं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मोबाइल बंद केला.

आत आल्यावर मी तिला धरलं. ती अजिबात गडबडली नाही. म्हणाली, बावीसपासून उतरवून राह्यली. एकदम उतरवलं तं शक येते, म्हणून रोज एक-दोन पैशे. कधी कधी एखादा पैसा चढवते बी, खरं वाटावं म्हणून. टीव्हीचं केबल तिने केव्हाच काढून टाकलं होतं, डबा जळला असं सांगून. गल्लीतल्या बायांना सांगून ठेवलं होतं, की त्यांच्यापुढे पैशापाण्याचं बोलू नका, साखर वाढते. अब्बांच्या जुन्या साथीदाराचा फोन आला तर आधी स्वतः उचलून त्यालाही तेच सांगायची. जिने जन्मात एक खोटी शपथ घेतली नसेल, ती रोज नमाजेनंतर पहिलं वाक्य खोटं बोलत होती.

मी रागावले. म्हटलं, आंधळ्या माणसाला फसवतेस, त्यांना कळलं तर काय होईल. हे बरोबर नाही, त्यांचा हक्क आहे खरं कळण्याचा. बोलताना मला माझाच आवाज शाळेतला वाटला. अम्मीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, खरा भाव सांगून त्यायले का भेटलं आजपर्यंत? मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, उन्नीसच्या खाली जाऊ दे एकदा. मले फक्त तेवढं पाहायचं हाये.

एकोणीसला ते आले होते. 

पौषात शाळेला जोडून सुट्ट्या आल्या तशी मी पुन्हा गेले. मिलांमध्ये धान येऊन पडलं होतं, सगळ्या गावाच्या अंगावर कोंड्याची बारीक पूड. अब्बा अंगणात उन्हात खाटेवर बसले होते, पायांवर चादर. अम्मी खाली पाटावर बसून त्यांची नखं काढत होती. त्या दिवशी सकाळी माझ्यासाठी भाकरी-भाजीच्या गडबडीत भाव सांगायचा राहून गेला होता, म्हणून त्यांनी आता विचारलं, "आज?"

अम्मीने नखं काढणं थांबवलं. मोबाइल आत होता. तिने तो आणलाही नाही. ती अब्बांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "अठरा पॉइंट नव्वद."

 अब्बांची बोटं चादरीवर हलत होती, मनात काहीतरी भागत असल्यासारखी. मग त्यांचे खांदे जरा खाली आले. इतकी वर्षं ते खांदे वर ओढून धरलेले होते हे मला ते खाली आल्यावर समजलं. म्हणाले, "म्हणजे उतरलाच. मंग बरं झालं. चांगल्या टायमावर आलो मी घरी."

आणि चाचपडत त्यांनी हात पुढे केला. तो अम्मीच्या डोक्यावर पडला, पदरावर. त्यांनी तो तसाच राहू दिला. माझ्यासमोर त्यांनी अम्मीला असा हात कधी लावल्याचं मला आठवत नाही. "तू म्हणत होतीस ना, या म्हणून," ते म्हणाले. "बरोबर म्हणत होतीस."

अम्मीने त्यांचा दुसरा पाय मांडीवर घेतला आणि राहिलेली नखं काढली. सगळी काढून, चादर नीट करून, मगच उठली. मी तिच्या मागे चुलीपाशी गेले. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि पदराने तोंड दाबून धरलं होतं, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. मी पाठीवर हात ठेवला. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग तोंड पुसलं, भाजीखालचं लाकूड पुढे सारलं आणि मला अगदी साध्या आवाजात विचारलं, "तू तं शिकलेली हायेस. हा रियाल लय झालं तं किती खाली जाऊ शकते, त्यायले शक नाई यावा असा?"

मी म्हटलं, "पायजे तेवढा, अम्मी."